मॉल मॅनेजर म्हणून नवीन आहात? आधी फेरी मारा

सुरुवातीला ऑफिसात कमी बसा. दुकानं उघडण्याआधी आणि बंद होताना, अशा रोज दोन फेऱ्या माराच. सरकत्या जिन्याच्या तोंडाशी ओली फरशी, खोक्यांनी अडलेलं आपत्कालीन दार हे रिपोर्टात दिसत नाही. भाडेकरार स्वतः वाचा. देखभाल खर्चाची वाटणी माहीत नसेल तर पहिल्याच वादात अडकाल.

रक्तदान शिबिर, शाळेचं चित्रप्रदर्शन यांना मधला चौक मनापासून द्या. यातूनच परिसराशी नातं जुळतं. फक्त स्टॉलमुळे दुकानांच्या दर्शनी काचा झाकल्या जाऊ देऊ नका आणि शेजारच्या दुकानदारांना आठवडाभर आधी सांगा. नाहीतर गर्दी दारात, गिऱ्हाईक आत नाही, आणि पुढच्या वेळी तेच विरोध करतात. विजेचा लोड, म्हणजे किती वीज लागणार ते, कार्यक्रम करणाऱ्या संस्थेकडून लेखी घ्या. एकाच एक्स्टेंशन बोर्डावर स्पीकर, दिवे, पंखे जोडले की ऐन कार्यक्रमात एमसीबी (जास्त लोड आला की वीज तोडणारा स्विच) पडतो.