‘कट्’ आवाज आला म्हणजे मणका बसला का?

कंबर, मान आणि खांद्याच्या दुखण्यांवरचे तुमचे बरेच प्रश्न आले. निम्म्याहून जास्त पत्रांत एकच गोष्ट होती: मोबाइलवर कुणाची तरी मान कडकड मोडतानाचा व्हिडिओ पाहिला, आपणही करून घ्यावं का? मी ठाण्यात कायरोप्रॅक्टर म्हणून, म्हणजे मणक्यांना आणि सांध्यांना हाताने झटका देऊन उपचार करण्याचं, काम करते, त्यामुळे हे प्रश्न थेट माझ्या रोजच्या कामाचे आहेत.

वय ३४, ऐरोलीत आयटीत नोकरी. घोडबंदर रोडवरून रोज बाइकने जातो-येतो. तीन महिन्यांपासून कंबर दुखते. एमआरआयमध्ये ‘एल-फोर एल-फाइव्ह डिस्क बल्ज’ आलंय. एका ठिकाणी म्हणाले, मणका सरकलाय, २४ सिटिंगचं पॅकेज घ्या, पैसे आगाऊ भरले तर सवलत. घेऊ का?

घेऊ नका. पहिल्याच दिवशी, नीट तपासणीही न करता २४ वेळा यायला सांगणं हे निदान नव्हे.

‘मणका सरकला’ हा शब्दप्रयोग कुठून आला तेही सांगते. १८९५ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, डेव्हनपोर्ट गावी डॅनियल डेव्हिड पामर यांनी कायरोप्रॅक्टिक ही आमची उपचारपद्धती सुरू केली. मणके जागचे हलतात, नसा दाबतात आणि बहुतेक आजार त्यातूनच होतात, अशी त्यांची धारणा होती. तिला पुरावा मिळालेला नाही. आमच्याच क्षेत्रातले काही जण आजही तेच सांगून वर्षभराची पॅकेजं विकतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तो ‘कट्’ आवाज हाड जागेवर बसल्याचा नसतो. सांध्यातल्या वंगणावरचा दाब एकदम कमी झाला की त्यात वायूची पोकळी तयार होते. २०१५ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी बोटाचा सांधा ओढतानाच त्याचा एमआरआय घेतला आणि ही पोकळी होताना प्रत्यक्ष पाहिली. मग झटक्याचा उपयोग काय? आखडलेले स्नायू काही काळ सैल होतात, दुखणं थोडं कमी होतं आणि वाकायची भीती जाते. तेवढ्या वेळात व्यायाम सुरू करता आला तर खरा फायदा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीवर ज्या शिफारशी केल्या, त्यांत मणक्यावरचे हस्तोपचार आहेत, पण व्यायाम आणि दुखण्याविषयीची समज यांच्या जोडीने. नुसता झटका नाही.

आता तुमचा रिपोर्ट. कंबर अजिबात न दुखणाऱ्या तिशीतल्या लोकांचे स्कॅन पाहिले, तर १०० पैकी साधारण ४० जणांच्या दोन मणक्यांमधल्या गादीला असा फुगवटा (डिस्क बल्ज) दिसतो. पन्नाशीत ६०. म्हणून मी फिल्म आधी उघडत नाही. रुग्णाला विचारते: बसल्यावर दुखतं की उभं राहिल्यावर? खोकल्यावर पायात कळ जाते का? रात्री झोपेतून जाग येते का? मग उताणं झोपवून पाय सरळ ठेवून उचलते, पायाचा अंगठा माझ्या बोटाविरुद्ध वर ओढायला लावते, गुडघ्याला आणि घोट्याला हातोडी मारून बघते. हे सगळं ठीक असेल तर चार ते सहा भेटी पुरतात. दोन-तीन आठवड्यांत काहीच फरक पडला नाही, तर माझं निदान चुकलंय असं धरून मी पुन्हा पहिल्यापासून तपासते.

आणि चाला. २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका मोठ्या चाचणीत, कंबरदुखीतून नुकत्याच बऱ्या झालेल्यांना टप्प्याटप्प्याने चालणं वाढवायला सांगितलं. ज्यांना असं सांगितलं नव्हतं त्यांचं दुखणं साधारण ११२ दिवसांत परतलं, चालणाऱ्यांचं २०८ दिवसांत. उपवन तलावाला एक फेरी मारायला पॅकेज लागत नाही.

वय ५८, नौपाडा. मान आखडते. शिवाय पलंगावर कूस बदलली की खोली गरगर फिरते. व्हिडिओत दाखवतात तशी मान मोडून घेतली तर चक्कर जाईल का? बीपीची गोळी चालू आहे.

तुमच्या मानेला झटका मी देणार नाही, आणि कुणाला देऊही देऊ नका.

मेंदूच्या मागच्या भागाला रक्त पोचवणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांमधल्या भोकांतून वर जातात. मान जोरात फिरवल्यावर धमनीचं आतलं अस्तर फाटून पक्षाघात झाल्याच्या नोंदी आहेत. हे फार क्वचित होतं. झटक्यामुळे अस्तर फाटतं, की आधीच फाटलेल्या धमनीची मानदुखी घेऊन माणूस उपचाराला येतो, यावर तज्ज्ञांत वाद आहे. माझ्यासाठी दोन्हींचा अर्थ एकच: आधी विचारायचं. कधीच नव्हतं असं डोकं दुखतंय का, एकाचे दोन दिसतात का, बोलणं अडखळतं का, घास गिळायला त्रास होतो का, तोल जातो का. यातलं एकही ‘हो’ असेल तर मी हात लावत नाही, सरळ हॉस्पिटलमध्ये पाठवते.

तुमची चक्कर मात्र बहुधा कानाची आहे. आतल्या कानातले कॅल्शियमचे बारीक कण जागा सोडून अर्धवर्तुळाकार नळीत शिरले की कूस बदलताना काही सेकंद असंच गरगरतं. कान-नाक-घसा तज्ज्ञ ठरावीक क्रमाने डोकं वळवून ते कण परत जागी नेतात, आणि बऱ्याच जणांना एक-दोन वेळातच आराम पडतो. मानेसाठी हळुवार हालचाली आणि व्यायाम पुरतील. डोक्याला पट्टा लावून ओढण्याचे जे व्हिडिओ फिरतात, त्यांचा तर विचारही नको.

वडील तुर्भ्याला कांदा-बटाटा मार्केटात माथाडी आहेत, वय ५१. पंधरा दिवसांपूर्वी ५० किलोची गोण उचलताना उसण भरली. गावाकडच्या पायाळू काकूंकडून पाठीला पाय लावून घेतला, बरं वाटलं. आता कंबर कमी दुखते, पण डाव्या पायाला मुंग्या येतात आणि चालताना चप्पल निसटते.

तुमचं शेवटचं वाक्य मी तीनदा वाचलं. वडिलांना आजच मणक्याच्या डॉक्टरांकडे न्या.

माझ्याकडे असेच एक गृहस्थ आले होते. मी त्यांना फरशीवर टाचांवर चालायला सांगितलं. उजवा पंजा वर राहिला, डावा मात्र दर पावलाला फट् फट् खाली आपटत होता. ते म्हणत होते, ‘मॅडम, चप्पल नवी आहे, सैल आहे म्हणून.’ चप्पल कोपऱ्यात काढून ठेवलेली होती. मी त्यांची कंबर दाबलीसुद्धा नाही, चिठ्ठी लिहून त्याच दिवशी पुढे पाठवलं. पंजा वर उचलणाऱ्या नसेवर दाब असला की असं होतं. अशा वेळी कंबर कमी दुखतेय यावर विसंबून राहू नये, कारण इथे दुखण्यापेक्षा पायातली ताकद महत्त्वाची. लघवी अडली, संडासवरचा ताबा गेला किंवा मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि बैठकीच्या जागी बधिरपणा आला, तर सकाळची वाट बघायची नाही, रात्रीच हॉस्पिटल गाठायचं. ताप, वजन उतरणं, रात्रीच्या रात्री ठणकणं ही लक्षणं असतील तर मणक्याचा टीबी तपासावाच लागतो, आपल्याकडे तो आजही दिसतो.

पायाळू काकूंना दोष देऊ नका. साधी उसण बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप उतरते. मधल्या काळात ज्याचा पाय किंवा हात लागतो त्याला श्रेय मिळतं, आणि हे माझ्या रुग्णांच्या बाबतीतही तितकंच खरं आहे. म्हणून तर आधी तपासायचं, कारण वडिलांची उसण आता साधी राहिलेली नाही.

कमरेचा पट्टा कायम लावावा का? (कोपरखैरणे)

नाही. दोन-चार दिवस प्रवासात आधार वाटत असेल तर लावा. जुनाट कंबरदुखीत जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस पट्ट्याच्या विरोधात आहे.

वय ५२, नेरुळ. सहा महिन्यांपासून उजवा हात मागे जात नाही, ब्लाउजचे हूक लावता येत नाहीत, वेणी घालता येत नाही. मधुमेह आहे. खांदा ‘सोडवून’ मिळेल का?

कोपर अंगाला चिकटवून हात बाहेर वळवून बघा. दुसऱ्याने वळवला तरी अडत असेल, आणि एक्स-रेमध्ये सांधा झिजलेला नसेल, तर तो बहुधा फ्रोजन शोल्डर. सांध्याभोवतीचं आवरण आकसलेलं असतं, आणि मधुमेहींमध्ये हे बरंच जास्त आढळतं. जोर लावून सोडवायला गेलं की ठणका वाढतो, हे मी अनेकदा पाहिलंय. दुखणं फार असेल त्या काळात सांध्यातलं स्टेरॉइड इंजेक्शन उपयोगी पडतं, पण त्याने काही दिवस साखर वाढते, म्हणून मधुमेहाच्या डॉक्टरांना आधी विचारा. पुढे दुखेल-न-दुखेल अशा बेताने रोजचे ताण. हे दुखणं वर्ष-दोन वर्षंही चालतं. तोवर पुढून हूक असलेले ब्लाउज शिवून घ्या.

खरा कायरोप्रॅक्टर ओळखायचा कसा? (ठाणे पूर्व)

भारतात कायरोप्रॅक्टरांची नोंदणी करणारी वैधानिक परिषद नाही, म्हणून विचारणं तुमच्याच हातात आहे. पदवी कुठली आणि किती वर्षांची? जागतिक आरोग्य संघटनेच्या २००५ च्या मार्गदर्शक सूचनांत चार वर्षांचं पूर्णवेळ शिक्षण अपेक्षित आहे, शनिवार-रविवारचा कोर्स नव्हे. फिजिओथेरपिस्टकडे जात असाल तर त्यांचा राज्य परिषदेचा नोंदणी क्रमांक मागा, त्यात संकोच कसला? आणि कपडे, घड्याळ, चष्मा काढायच्या आधी तुमच्याशी कुणी दहा मिनिटं बोललं का, तेही बघा.

दोन महिन्यांचं बाळ संध्याकाळी फार रडतं. कुणी सांगितलं, मणका बसवला की थांबेल. (घणसोली)

बाळाच्या मणक्याला हात लावू देऊ नका. या रडण्यावर असा उपचार चालतो याला भरवशाचा पुरावा नाही. हे रडणं बहुतेक बाळांत तिसऱ्या-चौथ्या महिन्यापर्यंत कमी होतं. ताप असेल, दूध ओढत नसेल किंवा हिरवी उलटी झाली तर लगेच बालरोगतज्ज्ञांकडे न्या.