वाचकांचे प्रश्न : खेळातले नी-पॅड फरशीच्या कामाला चालतील का?

प्रश्न : माझे वडील फरशी बसवण्याचे काम करतात. धाकट्या बहिणीचे खो-खोचे जुने नी-पॅड ते कामावर बांधतात. तरीही उजव्या गुडघ्याच्या वाटीवर मऊ सूज आली आहे. ती फारशी दुखत नाही. पॅड बदलावेत की काम कमी करावे?
— एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : पॅड आधी बदला. खो-खोत सूर मारताना गुडघा क्षणभरच जमिनीवर आपटतो किंवा घासतो. तेवढा मार झेलावा आणि पळताना अडचण होऊ नये, म्हणून त्या पॅडमध्ये पातळ, मऊ फोम असतो. फरशी बसवणाऱ्याचा भार मात्र गुडघ्यांवर तासन्‌तास असतो, त्याखाली तो फोम चपटा होतो आणि वाटी जवळजवळ थेट फरशीवरच टेकते.

वाटी आणि त्वचा यांच्यामध्ये बर्सा नावाची पातळ पिशवी असते. सततच्या दाबाने तिच्यात पाणी साठते, आणि आपल्या वर्णनावरून तसेच झाले असावे. तरी निदान अस्थिरोगतज्ज्ञांनी तपासूनच करावे. सूज लाल आणि गरम झाली किंवा ताप आला, तर जंतुसंसर्गाची शक्यता असल्याने त्याच दिवशी दाखवावे. घरी सुई टोचून पाणी काढण्याचा प्रयत्न कृपा करून कोणी करू नये.

मला याहून अधिक काळजी वाटते ती ओल्या सिमेंटची. ते तीव्र अल्कधर्मी असते. कापडी पॅडमध्ये मुरले की त्वचेला चिकटून राहते आणि भाजल्यासारखी जखम करते. सुरुवातीला वेदना जाणवत नसल्याने कारागीर दिवसभर तोच पॅड बांधून बसतो, आणि संध्याकाळी पँट वर केल्यावर कातडी सोललेली दिसते. पॅड किंवा कपडा भिजताच काढून गुडघा भरपूर स्वच्छ पाण्याने धुवावा.

कामाच्या पॅडला बाहेरून पाणी न शोषणारे रुंद कवच आणि आत जाड, घट्ट फोम किंवा जेल असावे. पट्टे रुंद असावेत आणि गुडघ्यामागच्या घडीत रुतू नयेत. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूस, थोडे खाली, एक मज्जातंतू हाडालगत जातो. तेथे पट्टा आवळला गेला की पावलाला मुंग्या येतात. बडोद्याच्या उन्हाळ्यात पट्टे नकोसे झाले, तर सरकवता येणारी जाड फोमची चटई घ्यावी.

मात्र पॅड केवळ वाटीवरचा दाब पसरवतो. पूर्ण दुमडलेल्या सांध्यावरचा ताण त्याने जात नाही. रोजंदारीच्या माणसाला काम कमी करणे परवडत नाही, हे मी जाणतो. म्हणून निदान सूज उतरेपर्यंत गुडघे टेकण्याचे काम सोबत्याकडे द्यावे आणि वडिलांनी फरशी कापणे, माल कालवणे अशी उभ्याने होणारी कामे घ्यावीत; कटरही जमिनीवर न ठेवता कमरेइतक्या उंच घोडीवर ठेवावा.