टीनएजर्ससाठीच्या फँटसीत स्वातंत्र्य, नैतिकता वगैरे खरंच काही असतं, की नुसती जादू आणि तलवारी?

असतं ना, पण बऱ्याच पुस्तकांत परीक्षाच सोपी असते, व्हिलन इतका काळाकुट्ट रंगवलेला की बरोबर काय ते दुसरीतलं पोरही सांगेल. तुम्ही उर्सुला ले ग्विनचं 'द टूम्स ऑफ अतुआन' वाचा, १९७१ चं, अर्थसी सिरीजमधलं दुसरं, पहिलं नसलं वाचलं तरी अडत नाही. पुढे स्पॉयलर आहेत हां.

यातल्या तेनारला पाच-सहा वर्षांची असताना घरातून उचलून नेऊन वाळवंटातल्या थडग्यांची मुख्य पुजारीण करतात, तिचं नावसुद्धा काढून घेतात. म्हणायला सगळी पॉवर हिचीच, जमिनीखालचा चक्रव्यूह हिचा, पण बाहेर जायची सोय नाही. तीन कैदी आणले जातात तेव्हा त्यांना अन्नपाण्यावाचून मरू द्या असं हीच सांगते. हो, नायिका! नंतर गेड नावाचा जादूगार चोरी करायला भुयारात शिरतो, अडकतो, आणि या वेळी मात्र तिच्याच्याने होत नाही, ती गुपचूप त्याला पाणी देते. माझ्या मते खरी टेस्ट ही, कारण तिला मारायचा हक्क आहे, तिचा धर्मही तेच सांगतोय, कोणी जाब विचारणार नाही आणि तरी ही पाणी घेऊन जाते.

गेडही तिला ओढून नेत नाही. दार लावून पुजारीणच राहा नाहीतर दार उघड आणि तेनार हो, एवढंच म्हणतो, ठरवायचं तिने.

आणि सुटल्यावर पार्टी नाही! तिला लहानाचं मोठं करणारा मानान पळापळीत खड्ड्यात पडून मेलेला असतो, समुद्राकाठी ती गेडवरच सुरा काढून उभी राहते, वाया गेलेल्या वर्षांसाठी ढसाढसा रडते. स्वातंत्र्याचं असं ओझं वाटणं टीनएजर्सच्या पुस्तकात फार कमी दिसतं. गेड नंतर तिची समजूत काढतो की तू वाईटपणाचं नुसतं भांडं होतीस, तो आता ओतून गेला, संपला. मला हे जरा सोयीस्कर वाटतं, हुकूम हिनेच दिला होता की, भले वय लहान असेल.

१९९० च्या 'तेहानू'मध्ये तेनार परत भेटते, मध्यमवयीन, विधवा, शेती सांभाळणारी, एका भाजलेल्या मुलीला घरी आणलेली. मला ते जास्त आवडलं, पण विषय जड आहे, तेरा-चौदाच्या पोरांच्या हातात लगेच नका देऊ.