पाच मिनिटं नुसतं वरच चढत बसायचं का?

प्रश्न : दादा, मी वॉर थंडर या लढाऊ विमानांच्या गेममध्ये रिअलिस्टिक मोडला पंख्याची जुनी विमानं उडवतो. सगळे म्हणतात उंची घे, उंची घे, म्हणून घेतो. पण ती चार-पाच मिनिटं इतकी बोअर होतात की मी मोबाइल बघत बसतो. आणि एवढं करून वर पोचलो की पहिल्याच झटापटीत खाली. मग चढून फायदा काय?

उत्तर : आधी मोबाइल ठेव बाजूला. अख्ख्या मॅचमध्ये तुझ्यावर कोणी गोळ्या झाडत नाहीये असा वेळ फक्त हाच असतो आणि तोच तू रील्सला देतोयस, एकदा भिडलास की विचार करायला दोन सेकंदही मिळत नाहीत.

चाकं वर घेतलीस की पहिलं काम ट्रिमचं (हात न लावता नाक ठरलेल्या जागी राहावं म्हणून करायची सेटिंग), अर्थात जिथे ट्रिम करता येतं तिथे. विमान आपोआप चढत राहील असं ट्रिम लाव की हात मोकळा आणि डोळेही मोकळे. मग खेळाडूंची यादी उघड. कोण काय घेऊन आलंय बघ. समोर इंटरसेप्टर (शत्रूला वाटेतच गाठणारी विमानं) किंवा जड फायटर असतील तर ते हवेतच स्पॉन होतात, म्हणजे मॅच सुरू होताना थेट हवेतच अवतरतात, म्हणजे तू धावपट्टीवरून उठलास तर सुरुवातीला ते तुझ्या वरच असणार, आणि हे ठाऊक असूनही लोक नाकासमोर सरळ चढत जातात आणि मग म्हणतात अचानक आला. अचानक कुठला, यादीत होता की! अशा वेळी बाजूला वळून चढ, चाळीस-पन्नास अंश तिरकं, लढाई एका अंगाला ठेवून. थोडा उशीर होतो पण पोचतोस तेव्हा तू वर असतोस आणि बाकीचे आपसात गुंतलेले असतात.

आता बघण्याबद्दल, कारण खरा खेळ इथेच आहे. चढताना विमानाचं नाक तुझ्या समोरचा आणि खालचा मोठा भाग झाकतं, म्हणून अधूनमधून नाक जरा खाली दाब किंवा डावी-उजवीकडे हलकं वळण घे आणि बघ. मागे बघ, मागे-खाली बघ, सूर्याकडे तर हमखास बघ. ओस्वाल्ड ब्योल्के नावाच्या जर्मन पायलटने १९१६ साली लढाईचे नियम लिहून काढले त्यातला पहिलाच हा, हल्ल्याआधी वरचढ जागा मिळव आणि जमलं तर सूर्य पाठीशी ठेव. शंभर वर्षं होऊन गेली, गेममध्येही तेच चालतं. ठिपका दिसला की लगेच वळू नकोस, दोन-चार सेकंद सरळ उडत त्याच्याकडे नीट बघ. कॉकपिटच्या काचेवर तो एकाच जागी राहून मोठा होत असेल तर तुमचे रस्ते एकमेकांना छेदतायत, बहुतेक तो तुझ्यासाठीच येतोय. काचेवर सरकत चालला असेल तर निदान आत्ता तरी त्याचा रस्ता वेगळा आहे. मला ही सवय लागायला फार उशीर झाला, त्याआधी मी प्रत्येक ठिपक्याला घाबरून उंची घालवायचो.

आणि वर जाऊन मरतोस का, तर मला वाटतं तू वेग संपवून लटकत पोचतोस. लढाईत नुसती उंची नाही, उंची आणि वेग मिळून तुझी कमाई मोजायची. समज तू ५००० मीटरवर आहेस आणि काटा ताशी २७० किलोमीटर दाखवतोय. तिथे हवा विरळ, त्यामुळे खरा वेग ३५० च्या आसपास. त्या वेगाची उंची केली (वेगाचा वर्ग भागिले दोन गुणिले गुरुत्वाकर्षण, शाळेतलंच सूत्र) तर होतात साधारण ४८० मीटर, म्हणजे तुझ्या खिशात एकूण ५४८०. समोरचा ४६०० वर आहे पण सपाट उडत खरा वेग ५०० करून बसलाय, त्याच्या वेगाचे होतात ९८०, एकूण ५५८०. चारशे मीटर वर असूनही तूच गरीब! तो नाक वर करून तुझ्यापर्यंत येतो आणि तुला धड वळताही येत नाही. म्हणून भिडायच्या मिनिटभर आधी चढणं थांबव, नाक सपाट कर, वेग येऊ दे. थोडी उंची कमी राहिली तरी चालेल.

प्रश्न : मी नवीन आहे. मी पूर्ण थ्रॉटल आणि नाक जमेल तितकं वर करून चढते, तरी बाकीचे माझ्या आधी वर पोचतात. इंजिनही तापतं. काय चुकतंय?

उत्तर : नाकच चुकतंय. फार उभं चढलं की वेग पडतो, विमान हवेत नुसतं ओढलं जातं आणि रेडिएटरला वारा कमी मिळतो म्हणून इंजिन तापतं. प्रत्येक विमानाचा चढायचा एक चांगला वेग असतो, दुसऱ्या महायुद्धातल्या बऱ्याच फायटर्सचा काट्यावर ताशी २५० ते २९० किलोमीटरमध्ये कुठेतरी. स्पिटफायर नऊ हे ब्रिटिश फायटर घेतलंत तर २६० धरा. कोन विसरा, काट्यावर तो वेग टिकेल इतकंच नाक वर ठेवा. जेटला हे लावू नका, तिथे आधी सपाट उडून भरपूर वेग घ्यायचा आणि मग चढायचं. आणि जादा पॉवर (इंजिनचा थोडा वेळच वापरायचा जास्तीचा जोर) सुरुवातीला वापरा, पण भिडायच्या आधी ती बंद करून इंजिन गार होऊ द्या, नाहीतर नेमकं पळायच्या वेळी इंजिन मान टाकतं.

प्रश्न : मी वर चढत असतो आणि खाली माझ्याच टीममधले मरत असतात. शिव्या मिळतात. खाली जाऊ का?

उत्तर : वर कुठला ठिपका आहे का ते आधी बघ. असेल तर नको जाऊस, दोघंही मराल. आकाश मोकळं असेल आणि शत्रू हजार-दीड हजार मीटर खाली एकाच्या शेपटीला चिकटला असेल तर जा, पण एकच फेरी, लागलं तर लागलं, नाही लागलं तरी त्याच वेगात परत वर. त्याच्या मागे वळायला लागलास की चार मिनिटांची कमाई गेलीच म्हणून समज. त्याहून सोपं म्हणजे चॅटवर मित्राला लिही की वळत बसू नको, शत्रूला सरळ माझ्या खाली ओढत आण.