‘आय७ आहे’ म्हणजे नक्की काय आहे? जुन्या संगणकांबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न: ऑनलाइन जाहिरात पाहिली: ‘आय७ डेस्कटॉप, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, फक्त ९,५०० रुपये’. मुलगी बी.कॉम.ला आहे, टॅली शिकतेय. घेऊन टाकू का? (बार्शी)

उत्तर: थांबा. ‘आय७’ हे इंटेलच्या प्रोसेसरचं अर्धंच नाव झालं. पुढचा क्रमांक विचारा. तो सांगायला विक्रेता टाळाटाळ करत असेल, तर काय ते समजा. या भावात बहुतेक वेळा आय७-३७७० किंवा त्याहून जुना प्रोसेसर निघतो. ३७७० म्हणजे तिसरी पिढी, सन २०१२. क्रमांकाच्या सुरुवातीला पिढी असते: ८४०० आठवी, १०४०० दहावी.

टॅली त्या यंत्रावर पळेल, वेगाची अडचण नाही. अडचण विंडोजची आहे. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट, म्हणजे सुरक्षेचे मोफत अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला इंटेलची, मोजके अपवाद वगळता, किमान आठवी पिढी आणि टीपीएम २.० (संगणकातली सुरक्षेची सोय) लागतं. जुगाड करून बसवून देणारे भेटतात, पण ज्या संगणकावर जीएसटी आणि बँकेची कामं होणार तिथे मी ते करणार नाही. शिवाय त्यातली रॅम डीडीआर३, म्हणजे पुढच्या संगणकात तिचा उपयोग शून्य.

त्याऐवजी आठव्या पिढीचा साधा आय३-८१०० शोधा. ८ जीबी रॅम आणि जुनी हार्ड डिस्क असली तरी चालेल. हार्ड डिस्क सेकंदाला शंभर-दीडशे एमबी वाचते, साधी साटा एसएसडी पाचशेच्या पुढे जाते. हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी, एवढा एक बदल केला की यंत्र ओळखू येत नाही. एसएसडी कधीही बदलता येते. मदरबोर्ड आणि प्रोसेसर बदलायचा खर्च मात्र जवळपास दुसऱ्या जुन्या संगणकाएवढा होतो.

प्रश्न: विक्रेता म्हणतो, मी सैन्यात आहे, बदली झालीय, म्हणून स्वस्तात देतोय. ‘टोकन’चा एक रुपया तोच आधी मला पाठवणार आहे, त्यासाठी क्यूआर कोड स्कॅन करायला सांगतोय. (नाशिक)

उत्तर: करू नका. यूपीआयवर पैसे घ्यायला ना स्कॅन लागतो ना पिन. पिन टाकला की पैसे तुमच्याच खात्यातून जातात. गेलेच असतील तर आत्ता १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा.

प्रश्न: लेनोवोचे थिंकपॅड लॅपटॉप टी४८० आणि टी४८०एस जवळपास एकाच भावात मिळतायत. ‘एस’ हलका आहे, तो घेऊ? (पुणे)

उत्तर: रोज खांद्यावर न्यायचा असेल तर घ्या. नाहीतर टी४८०. त्यात रॅमचे दोन स्लॉट आहेत. ‘एस’मध्ये काही रॅम बोर्डवरच सोल्डर केलेली असते आणि स्लॉट एकच. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव चढलेत, त्यामुळे १६ जीबी आधीच बसवलेला मिळाला तर हजार-दोन हजार जास्त द्यायला हरकत नाही.

टी४८० ला बॅटऱ्या दोन: एक आत, एक मागून काढता येणारी. विक्रेत्याकडून बॅटरी रिपोर्ट मागवा. विंडोज तो स्वतःच तयार करतं. त्यात दोन्ही बॅटऱ्यांची मूळ क्षमता आणि आजची क्षमता शेजारीशेजारी दिसते. निम्म्याखाली गेली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे भावातून कापून घ्या. आणि यंत्र उघडण्याआधी बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगमध्ये) जाऊन आतली बॅटरी बंद करायला विसरू नका.

प्रश्न: लॅपटॉप आला, विंडोज नव्याने टाकलं. वायफाय जोडताच एका कंपनीचं नाव येतं आणि ऑफिसचा ईमेल मागतो. दुकानदार म्हणतो, एसएसडी बदला. (ठाणे)

उत्तर: एसएसडी बदलून काहीही होणार नाही. कंपन्या आपले लॅपटॉप मायक्रोसॉफ्टच्या ऑटोपायलट या सेवेत नोंदवतात. ती नोंद यंत्रात नसते, मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर असते आणि यंत्राच्या हार्डवेअरवरून त्याची ओळख पटते. ती सहसा त्या कंपनीचा आयटी विभागच काढू शकतो. इंटरनेट न जोडता सेटअप उरकायचा सल्ला कुणीतरी देईलच. तो पुढच्या रीसेटपर्यंत टिकतो. लिनक्स टाकलं तर चालतं, पण मुद्दा वेगळा आहे: हा लॅपटॉप कंपनीने रीतसर विकला होता का? भाड्याचा किंवा चोरीचाही असू शकतो. परतीची मुदत असेपर्यंत परत करा. नाहीच जमलं तर विक्रेत्याकडे मूळ बिल आणि कंपनीकडून नोंद रद्द करून मागा, लेखी.

बायोसला लावलेला सुपरवायझर पासवर्डही असाच त्रास देतो. थिंकपॅडमध्ये तो माहीत नसेल तर लेनोवोचा अधिकृत उपाय एकच, बोर्ड बदलणे. म्हणून पैसे देण्याआधी व्हिडिओ कॉलवर बायोसमध्ये शिरून दाखवायला सांगा.

प्रश्न: डेलचा ऑप्टिप्लेक्स ७०६०, छोट्या कॅबिनेटचा घेतलाय. गेमसाठी ग्राफिक्स कार्ड बसेल? (कोल्हापूर)

उत्तर: कमी उंचीचं, वेगळी पॉवर केबल न लागणारं कार्डच बसेल. आतला पॉवर सप्लाय २०० वॅटचा आणि डेलच्या खास मापाचा आहे, बाजारातला त्या जागी बसत नाही. ३० वॅटचं जीटी १०३० बिनधास्त चालेल, पण नव्या गेम्सची अपेक्षा ठेवू नका. गेमच खेळायचे असतील तर हा विकून त्याच मॉडेलचा टॉवर (मोठ्या कॅबिनेटचा) बघा.