अर्धा पॉइंट कमी पडलेला ब्रॉनस्टाईन

प्रश्न: माझी मुलगी नववीत आहे, चार वर्षं बुद्धिबळ खेळते. तिच्या सरांनी तिला डेव्हिड ब्रॉनस्टाईनचं 1953 च्या झुरिच टूर्नामेंटवरचं पुस्तक वाचायला सांगितलंय. नेटवर बघितलं तर हा माणूस वर्ल्ड चॅम्पियन कधी झालाच नाही, पुस्तकही एवढं जुनं. आता फोनवर इंजिन (चाली शोधून देणारं सॉफ्टवेअर) फुकट मिळतं, मग हे कशाला? – एक आई, सांगली

उत्तर: ताई, सरांचं ऐका, पुस्तक घ्याच. चॅम्पियन झाला नाही हे खरं, पण कसा राहिला ते बघा. 1924 साली युक्रेनमधल्या बिला त्सेर्कवात जन्म, स्टालिनच्या काळात वडिलांना पकडून नेलं, अशा घरातला हा पोरगा 1951 ला मॉस्कोत तेव्हाचा वर्ल्ड चॅम्पियन बोट्विनिकसमोर टायटलसाठी बसला, वय फक्त 27. मॅच 24 डावांची, जिंकला तर एक पॉइंट, बरोबरीला अर्धा. 22 वा डाव जिंकून तो साडेअकरा-साडेदहा असा पुढे होता, म्हणजे उरलेल्या दोन डावांत मिळून एक पॉइंट आला असता तरी काम झालं होतं, पण 23 वा हरला, 24 वा बरोबरीत सुटला, मॅच 12-12 आणि नियम असा की बरोबरी झाली तर टायटल जुन्याच चॅम्पियनकडे राहणार.

मला मात्र 23 व्यापेक्षा सहावा डाव जास्त लागतो. शेवटाला काळ्याचं, म्हणजे बोट्विनिकचं, प्यादं वजीर व्हायला निघालंय, ब्रॉनस्टाईनकडे घोडा आहे, घोड्यानं शह देत त्या प्याद्याला गाठलं की बरोबरी, आणि यानं राजा सी2 या घरात नेला. बोट्विनिकनं आपला राजा जी3 वर ठेवला, संपलं. हा डाव मी पटावर कितीदा मांडला असेल, दरवेळी हात घोड्याकडेच जातो. हाच अर्धा पॉइंट हो!

आता पुस्तकाचं. झुरिचला 15 जण, प्रत्येकाशी दोनदा, एकूण 210 डाव. स्मिस्लोव्ह पहिला आला, ब्रॉनस्टाईन केरेस आणि रेशेव्हस्कीबरोबर दुसरा, आणि मग सगळ्याच्या सगळ्या 210 डावांवर पुस्तक. (लिखाणात त्याचा मित्र बोरिस वाइनस्टाइनचा मोठा वाटा होता, तेही सांगायला हवं.) यात चालींच्या लांबलचक लायनी कमी आणि बोलणं जास्त. किंग्ज इंडियन नावाच्या सुरुवातीत काळ्याचं डी6 वरचं प्यादं उघड्यावर पडलेलं दिसतं, आपल्याला वाटतं आता जाणार, पण पुस्तक समजावतं की पांढऱ्याचाच घोडा डी4 वर बसून स्वतःच्याच हत्तीची वाट अडवतोय, आणि घोडा हलवला की काळ्याचा जी7 चा उंट मोकळा होतो, म्हणून ते प्यादं सहजासहजी पडत नाही. इंजिन चाल दाखवेल, हे असं शेजारी बसून सांगणार नाही. मुलीला आधी यातला आवेरबाख-कोटोव्ह डाव दाखवा, कोटोव्हनं 30 व्या चालीला एच3 वर वजीर देऊन टाकला आणि पांढऱ्याच्या राजाला पटाच्या मधोमध ओढत आणलं. रोज एकच डाव, पटावर सोंगट्या मांडून, फोन दुसऱ्या खोलीत.

आणि माणूस म्हणूनही तिला कळू दे. 1976 ला ग्रँडमास्टर कोर्चनॉय सोव्हिएत संघ सोडून गेला तेव्हा त्याच्या निषेधाच्या पत्रावर ब्रॉनस्टाईननं सही केली नाही, त्यापायी बरीच वर्षं त्याला पश्चिमेकडच्या टूर्नामेंटना जाऊ दिलं नाही. 2006 मध्ये मिन्स्कला वारला. मला या माणसाबद्दल फार माया वाटते.

प्रश्न: डिजिटल घड्याळात 'ब्रॉनस्टाईन' असा मोड दिसतो, तो याच्याच नावाचा का? – एक वाचक, फोंडा

उत्तर: हो, त्याचाच. समजा सेटिंग 3 सेकंदांचं आहे. तुम्ही 2 सेकंदांत चाल केली तर 2 च परत मिळतात, 10 लावले तर 3 परत, त्यामुळे वेळ साठत नाही. फिशर या दुसऱ्या मोडमध्ये चाल कितीही लवकर केली तरी पूर्ण 3 मिळतात, म्हणून भराभर खेळलं की घड्याळ वाढत जातं. क्लबात दोन्ही लावून एकेक ब्लिट्झ (काही मिनिटांचा झटपट डाव) खेळा, फरक लगेच जाणवेल.