मारिओ हल्ली एवढा जोरात का पळतो? जुन्या व्हिडिओ गेमची प्रश्नोत्तरे

दिवाळीची साफसफाई झाली की माळ्यावरचे व्हिडिओ गेम खाली येतात आणि त्यांच्याबरोबर प्रश्नही. या वेळच्या बहुतेक प्रश्नांचं मूळ एकच आहे. हे खेळ डब्बा टीव्हीच्या ठोक्यावर चालायला बनवले होते. त्यामुळे आधी ठोका जुळवा, चित्राची सजावट नंतर करा.

प्रश्न : 1995च्या सुमारास मे महिन्याच्या सुट्टीत पिवळ्या कॅसेटवर सुपर मारिओ खेळायचो. आता लॅपटॉपवर एम्युलेटर (जुन्या यंत्राची नक्कल करणारं सॉफ्टवेअर) टाकला आहे, पण मारिओ फारच जोरात पळतो आणि टाइमही भराभर संपतो. एम्युलेटरची सेटिंग चुकली आहे का? (डोंबिवली)

सेटिंग चुकलेली नाही आणि तुमची आठवणही बरोबर आहे. सुपर मारिओ ब्रदर्स 1985 साली जपानमध्ये आला. तिथला टीव्ही सेकंदाला 60 चित्रं दाखवायचा, म्हणून खेळही त्याच मापावर लिहिला गेला. आपल्याकडचे टीव्ही पाल पद्धतीचे, म्हणजे 50 चित्रांचे. पाल देशांसाठी बनलेल्या बऱ्याच नकली गेम संचांत (टीव्हीला जोडायच्या यंत्रांत) कॅसेट जपानी मापाचीच राहिली आणि यंत्र मात्र 50 च्या ठोक्यावर चालायचं. खेळात एका चित्रामागे मारिओ किती सरकणार हे ठरलेलं असतं. त्यामुळे चित्रं कमी झाली की सगळाच खेळ मंदावतो, तब्बल सतरा टक्क्यांनी.

टाइमचा हिशेब पाहा. वरच्या कोपऱ्यातला आकडा दर 24 चित्रांनी एकने उतरतो. 400 पासून शून्यापर्यंत 9,600 चित्रं लागतात. 60 च्या ठोक्यावर ती 160 सेकंदांत संपतात, 50 च्या ठोक्यावर 192 सेकंद टिकतात. लहानपणी तुम्हाला दर लेव्हलला बत्तीस सेकंद जास्त मिळत होते.

जुना संच अजून चालू असेल तर पडताळा घ्या. पहिल्याच लेव्हलला मारिओला पुढे न नेता उभा ठेवा आणि मोबाइलच्या स्टॉपवॉचवर आकडा 100 ने उतरायला लागणारा वेळ मोजा. 40 सेकंद लागले तर संच 60 चा, 48 लागले तर 50 चा.

जुना वेग परत हवा असेल तर एम्युलेटरच्या रीजनमध्ये ‘पाल’ निवडू नका, ‘डेंडी’ निवडा. इथेच बहुतेकांची चूक होते. ‘पाल’ म्हणजे मारिओ बनवणाऱ्या निन्टेन्डो कंपनीचा अस्सल युरोपियन संच. त्याचा प्रोसेसर 1.66 मेगाहर्ट्झचा, जपानी संचाचा 1.79 चा. आवाजाची पट्टी प्रोसेसरच्या वेगावर ठरते, त्यामुळे ‘पाल’वर संगीत संथ तर होतंच, शिवाय अर्ध्या स्वराहून थोडं जास्त खाली उतरतं आणि कानाला बेसूर लागतं. डेंडी हा 1992 साली रशियात विकायला आलेला नकली संच. त्याचा प्रोसेसर 1.77 मेगाहर्ट्झवर चालतो. तिथे लय मंद पण पट्टी जवळपास तीच राहते. पाल देशांतल्या नकली संचांचा आवाज असाच असायचा. मेसेन या एम्युलेटरच्या एनईएस (निन्टेन्डोचा हाच संच) सेटिंग्जमध्ये आणि अनेक एम्युलेटर एकत्र चालवणाऱ्या रेट्रोआर्कच्या एफसीईयूएमएम कोअरच्या (त्यातल्या एका एम्युलेटरच्या) ऑप्शन्समध्ये रीजनखाली हा पर्याय आहे.

एवढ्याने काम पुरं होत नाही. लॅपटॉपचा पडदा 60 वरच राहिला तर दर पाचवं चित्र दोनदा दिसतं आणि पार्श्वभूमी सरकताना आचके देते. एचडीएमआयने टीव्ही जोडा, विंडोजच्या अॅडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये जाऊन रिफ्रेश रेट 50 करा आणि टीव्हीच्या रिमोटवरचं इन्फो बटण दाबून खरोखर 50 आला का ते बघा. लॅपटॉपच्या स्वतःच्या पडद्यावर बहुधा हा पर्याय मिळणार नाही.

घरातलं लहान मूल पहिल्यांदाच खेळत असेल तर त्याला 60 वर शिकू द्या. उडीचं वजन बनवणाऱ्यांच्या मनात होतं तसंच 60 वर लागतं. स्वतःच्या सुट्ट्या परत अनुभवायच्या असतील तर 50 ठेवा. दोन्ही खरे आहेत.

प्रश्न : जुना संच नीट आहे, पण नव्या टीव्हीला पिवळी-पांढरी-लाल भोकंच नाहीत. दुकानदाराने दिलेली हेडफोनसारखी पिन लावली तर आवाज येतो, चित्र येत नाही. भावाच्या टीव्हीवर चित्र येतं, पण काळं-पांढरं. (गिरगाव)

पहिल्या टीव्हीत वायरीचा घोळ आहे. त्या 3.5 मिलिमीटरच्या पिनेवर चार कडी असतात आणि कोणत्या कडीवर चित्र, कोणत्यावर आवाज आणि कोणती जमीन (ग्राउंड), याचा क्रम कंपनीगणिक बदलतो. वायर बदलण्याआधी एक फुकटचा उपाय करा. संचाची पिवळी पिन वायरीच्या लाल भोकात लावा, नाही जमलं तर पांढऱ्या भोकात. चित्र आलं तर फक्त रंगांची अदलाबदल होती. कुठेच आलं नाही आणि आवाजात घुंई ऐकू येत असेल तर जमिनीची कडी चुकली आहे, मग दुसऱ्या क्रमाची वायरच लागेल. लॅमिंग्टन रोडला जाताना टीव्हीचा पूर्ण मॉडेल नंबर सोबत ठेवा, नुसतं ‘एव्ही वायर द्या’ म्हणू नका.

भावाच्या टीव्हीत पिवळं आणि हिरवं भोक एकच असणार. टीव्ही कंपोनंटवर (हिरव्या-निळ्या-लाल वायरींच्या इनपुटवर) राहिला की त्या भोकातून तो फक्त उजेड-अंधार वाचतो. सोर्समध्ये एव्ही निवडा. तरीही रंग आला नाही तर पिक्चर सेटिंगमध्ये कलर सिस्टीम ‘ऑटो’वरून ‘पाल’ करा.

एव्ही ते एचडीएमआयचा छोटा पांढरा डबा स्वस्त आणि मस्त वाटतो, पण आम्ही तो सुचवत नाही. जुना संच 240 ओळींचं अख्खं चित्र पाठवतो. डबा त्याला 480 ओळींचं अर्धं-अर्धं चित्र समजून दोन चित्रं एकत्र शिवतो. मार खाल्लेला खेळाडू लुकलुकतो तेव्हा एक चित्र दिसतं, एक नाही. शिवणीत तो कधी पूर्ण गायब होतो, कधी जाळीदार दिसतो. उशीर होतो तो वेगळाच. खर्च करायची तयारी असेल तर रेट्रोटिंक जातीचं यंत्र घ्या. ते 240 ओळी ओळखतं आणि नगण्य उशिराने चित्र पुढे देतं. ओएसएससी हे अशाच यंत्राचं दुसरं नाव कानावर येईल, पण ते नेहमीची पिवळी पिन घेतच नाही, हे विकत घेण्याआधी लक्षात असू द्या.

प्रश्न : एम्युलेटरवर काँट्रा खेळताना बटण दाबल्यावर माणूस जरा उशिरा उडतो. गोळी लागून मरतोच. लॅपटॉप चांगला आहे. (ठाणे)

लॅपटॉपकडे नंतर पाहू, आधी टीव्हीकडे. गेम मोड बंद असेल तर आजचा टीव्ही चित्र नितळ करण्यातच चार-सहा चित्रांचा वेळ खातो. एक चित्र म्हणजे 16.7 मिलिसेकंद. ज्या एचडीएमआय भोकात लॅपटॉप लावला आहे, त्याच सोर्सवर असताना गेम मोड चालू करा, कारण बऱ्याच टीव्हींत तो प्रत्येक भोकाला वेगळा असतो. आवाज ब्लूटूथ साउंडबारवर जात असेल तर वायरीवर आणा. आवाज मागे पडला की हातही चुकतो.

मग रेट्रोआर्कचं रन-अहेड, म्हणजे खेळाचा स्वतःचा उशीर कापणारी सोय, वापरा. आकडा अंदाजाने टाकू नका, मोजा. कीबोर्डवरचं पी दाबून खेळ थांबवा. उडीचं बटण दाबून धरा. तसंच धरून के हे बटण एकेकदा दाबत जा, दर दाबीला खेळ एक चित्र पुढे जातो. माणूस ज्या दाबीला हलतो त्या आकड्यातून एक वजा करा आणि तेवढेच फ्रेम (चित्रं) रन-अहेडमध्ये भरा. तिसऱ्या दाबीला हलला तर 2. जास्त भरले तर उडीचं पहिलं चित्र गिळलं जातं आणि माणूस जमिनीवरून थेट हवेत दिसतो. तसं दिसलं की एक कमी करा.

याच टीव्हीवर ठोकळे सरकताना लहानमोठे दिसत असतील तर इंटिजर स्केल (चित्र पूर्ण पटीतच मोठं करणारी सेटिंग) चालू करा. फुल एचडीवर 240 ची चौपट 960 होते, वर-खाली काळ्या पट्ट्या राहतात, राहू द्या. फोरके टीव्हीवर 240 ची नऊपट नेमकी 2160 येते, तिथे वर-खाली काहीच उरत नाही.

प्रश्न : डक हंटची बंदूक एलईडी टीव्हीवर एकही बदक मारत नाही. दुरुस्त होईल का? (विरार)

बंदूक बिघडलेली नाही. घोडा दाबला की पडदा क्षणभर काळा होतो आणि लगेच बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो. बंदुकीला ठरावीक चित्रातच तो उजेड दिसायला हवा. एलईडी टीव्ही चौकोन दोन-तीन चित्रं उशिरा दाखवतो, तोवर खेळाने ‘नेम चुकला’ असं ठरवलेलं असतं. शिवाय निन्टेन्डोच्या अस्सल बंदुकीत डब्बा टीव्हीच्या सुमारे 15 किलोहर्ट्झच्या लखलखाटालाच दाद देणारा भाग आहे. बल्बकडे रोखून फसवता येऊ नये म्हणून तो घातला होता. एलईडीत तो लखलखाटच नसतो.

म्हणून 14 किंवा 21 इंची साधा डब्बा टीव्ही शोधा. भंगारवाल्याकडे किंवा चोर बाजारात विचारा. मागे ‘100 हर्ट्झ’ लिहिलेला घेऊ नका, तो चित्र साठवून दुप्पट वेगाने काढतो आणि बंदूक तिथेही आंधळी. मागचं झाकण स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या नळीत हजारो व्होल्ट साठून राहू शकतात. एलईडीवरच खेळायचं असेल तर कॅमेऱ्याने पडद्याची पांढरी चौकट ओळखणारी सिन्डन बंदूक एम्युलेटरबरोबर चालते.

प्रश्न : अमेरिकेहून काकांनी सुपर निन्टेन्डो पाठवला. माझ्याकडे मेगा ड्राइव्हचे दोन्ही संच आहेत, अडॅप्टर एकच. तो सगळ्यांना चालेल का? (वसई)

नाही, आणि हा प्रयोग करूच नका. अमेरिकन अडॅप्टर 120 व्होल्टचा असतो. फक्त पिनांचा आकार बदलणारा गोटा लावून 230 मध्ये घातला तर क्षणात जळेल. 230 चे 110 करणारा 100 व्हीए (व्होल्ट-अँपिअर) क्षमतेचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्या आणि अर्ध्या तासाने अडॅप्टरला हात लावून पाहा. कोमट चालेल, चटका बसता कामा नये.

सेगा कंपनीच्या मेगा ड्राइव्हच्या पहिल्या संचाला पिनेच्या आत उणे आणि बाहेर अधिक लागतं, दुसऱ्याला आत अधिक आणि बाहेर उणे. पिनेचा आकारही वेगळा असतो, पण बाजारातल्या बहुपिनी अडॅप्टरमुळे चुकीची पिन सहज बसते. लावण्याआधी मल्टिमीटरचं लाल टोक पिनेच्या आत, काळं बाहेर टेकवा. आकडा अधिक आला तर आत अधिक. जुना वजनदार अडॅप्टर 9 व्होल्टचा असूनही रिकामा असताना 13 दाखवतो. तो दोष नाही, भार आला की उतरतो.

प्रश्न : गेम बॉयच्या पोकेमॉन गोल्डमध्ये सेव्ह टिकत नाही. कॅसेटच्या पट्ट्यांवर हिरवट थरही आला आहे. (मालाड)

दोन वेगळी कामं आहेत. सेव्ह ज्या चिपमध्ये असतो तिला सतत वीज लागते आणि ती आतल्या सीआर2025 या 3 व्होल्टच्या सेलवरून येते. इतक्या वर्षांत तो संपतोच. 3.8 मिलिमीटरचा गेमबिट (या कॅसेटच्या स्क्रूचा खास स्क्रूड्रायव्हर) घेऊन स्क्रू उघडा. सेल काढला की उरलासुरला सेव्हही जातो, म्हणून सेव्ह अजून अधूनमधून दिसत असेल तर आधी जीबी ऑपरेटरसारख्या, कॅसेट कॉम्प्युटरवर वाचणाऱ्या रीडरने उतरवून घ्या. नवा सेल पट्ट्या जोडलेलाच घ्या. उघड्या सेलला सोल्डरिंगचा डाग देऊ नका, तापून फुटू शकतो. अधिक-उणे बोर्डावर छापलेलं असतं. (पोकेमॉनचा रूबी किंवा सफायर हा खेळ असेल तर घाई नको. तिथे सेलवर फक्त घड्याळ चालतं, सेव्ह वेगळ्या चिपमध्ये सुरक्षित असतो.)

हिरवा थर म्हणजे तांब्यावर चढलेला गंज. 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल कानकाडीवर घ्या आणि पट्ट्यांच्या लांबीच्या दिशेने पुसा, आडवं नाही. कानकाडी काळी झाली की नवी घ्या. तरीही राहिलं तर मऊ पांढऱ्या खोडरबराने हलकेच घासून पुन्हा पुसा आणि दहा मिनिटं वाळू द्या. फुंकर मारायची सवय मात्र सोडा. फुंकरीने नव्हे, कॅसेट काढून पुन्हा बसवल्याने खेळ चालू व्हायचा. श्वासातल्या ओलाव्याने पट्ट्या मात्र गंजतात. पावसाळ्यात कॅसेट सिलिका जेलच्या पुडीसह बंद डब्यात ठेवा, बाहेरच्या भिंतीला लागलेल्या कपाटात नको. कपड्यांतल्या डांबरगोळ्यांपासूनही दूर ठेवा, त्यांच्या वाफेने काही प्लास्टिक मऊ पडून चिकटतं.

प्रश्न : ‘दहा हजार गेम’ असलेली एचडीएमआय स्टिक घ्यावी की रास्पबेरी पाय? (कुर्ला)

रास्पबेरी पाय, म्हणजे तळहातावर मावणारा छोटा कॉम्प्युटर, घ्या. स्टिकमधले गेम परवान्याशिवाय भरलेले असतात, त्यातही तोच खेळ पुन्हा पुन्हा मोजलेला, आणि सोबतचं मेमरी कार्ड लवकर दगा देतं. पाय 4 ला 2 जीबी रॅम पुरते. प्लेस्टेशन 1 पर्यंत सगळं सुरळीत चालतं, प्लेस्टेशन 2 ची अपेक्षा ठेवू नका.

मोबाइलचा चार्जर लावू नका, 5.1 व्होल्ट 3 अँपिअरचा अडॅप्टर घ्या. पडद्यावर विजेचं चिन्ह दिसलं तर व्होल्टेज 4.63 च्या खाली उतरलं आहे. अशा वेळी खेळ अडखळतो आणि लोक उगाच एम्युलेटर बदलत बसतात. आधी वायर बदला. मुंबईच्या मे महिन्यात पंख्याशिवायच्या बंद डब्यात पाय 80 अंशांवर जाऊन स्वतःच वेग कमी करतो, म्हणून डबा अॅल्युमिनियमचा किंवा पंख्याचा घ्या. आणि भिंतीवरचं बटण थेट बंद करू नका. मेनूतून शटडाउन करा, हिरवा दिवा लुकलुकायचा थांबला की मगच बटण. कार्डं खराब होतात ती बहुतेक याच घाईने.